‘देईन’ की ‘देईल’? : दुसऱ्याचे बोलणे सांगताना



गेल्या अंकात आपण इंग्रजीतील कर्तरी आणि कर्मणी प्रयोगांचा विचार केला. या वेळचा विषय मी निवडलेला नाही, तो माझ्या नातीने निवडला. दिवाळीच्या सुटीत ती शेळगावच्या घरी आली होती. यंदा ती नववीत आहे. ओसरीवर बसून ती ‘डायरेक्ट’चे ‘इनडायरेक्ट’ करण्याची वाक्ये सोडवत होती. पाच-सहा वाक्ये झाल्यावर तिने पेन्सिल खाली ठेवली आणि म्हणाली, “आजोबा, तो माणूस जे बोलला ते अवतरणचिन्हांत लिहिलेलंच आहे. मग ते बदलायचं कशासाठी? गुण मिळवायला?”

प्रश्न रास्त होता. मी शाळेत असताना तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर, आणि पुढे रेन व मार्टिन यांच्या व्याकरणावर, हीच वाक्ये घोटली. परंतु ‘कशासाठी’ हा प्रश्न मला कधी पडला नाही. त्याचे उत्तर मला बँकेच्या नोकरीत मिळाले, आणि तेही एक चूक करून. ती चूक पुढे सांगणारच आहे. आधी नियम पाहू.

‘मी’ कोणाचा?

बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे दिले तर ते प्रत्यक्ष कथन, म्हणजे डायरेक्ट स्पीच. तोच आशय सांगणाऱ्याने आपल्या वाक्यात सामावून घेतला तर ते अप्रत्यक्ष कथन, म्हणजे इनडायरेक्ट किंवा रिपोर्टेड स्पीच.

प्रत्यक्ष कथनाचा एक नमुना आपल्या प्रत्येकाच्या खिशात असतो. दहा, पन्नास, शंभर रुपयांच्या नोटेवर रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर प्रथमपुरुषात वचन देतात, की धारकाला मी इतके रुपये अदा करीन, आणि खाली त्यांची सही असते. तो ‘मी’ आणि ती सही यांचा जोड आहे. एक रुपयाची नोट भारत सरकारची असते, तिच्यावर वित्त सचिवांची सही असते आणि हे वचन तिच्यावर नसते. आता कल्पना करा, की नोटेवर असे छापले असते : ‘गव्हर्नर म्हणाले की ते पैसे देतील.’ आपल्यापैकी कोणता दुकानदार ती गल्ल्यात टाकील? कोण म्हणाले, कोणाला म्हणाले आणि हे आपल्याला कोण सांगतो आहे, असे तीन प्रश्न तो आधी विचारील.

अप्रत्यक्ष कथनाचे सगळे नियम या तीन प्रश्नांतून निघतात. बोलणारा एक, ऐकणारा दुसरा आणि सांगणारा तिसरा. वाक्य सांगणाऱ्याच्या तोंडी आले की ‘मी’, ‘तू’, ‘आज’, ‘इथे’ हे सर्व शब्द त्याच्या जागेवरून मोजावे लागतात.

पहिला नियम पुरुषाचा. अवतरणातील प्रथमपुरुष बोलणाऱ्याप्रमाणे बदलतो, द्वितीयपुरुष ऐकणाऱ्याप्रमाणे बदलतो आणि तृतीयपुरुष तसाच राहतो. शिकवणीत मुलांना यासाठी ‘सन’ ही खूण देतात : एस म्हणजे सब्जेक्ट, ओ म्हणजे ऑब्जेक्ट, एन म्हणजे नो चेंज. ‘ही सेड टू मी, “आय नो यू.”’ याचे ‘ही टोल्ड मी दॅट ही न्यू मी’ असे होते. ‘आय’ बोलणाऱ्याकडे गेला, ‘यू’ ऐकणाऱ्याकडे आला.

काळ : एक पान मागे

दुसरा नियम काळाचा, आणि मुले अडतात ती येथेच. ‘सेड’ हे भूतकाळी असेल तर आतील क्रियापद एक पायरी मागे जाते. ‘इज’चे ‘वॉज’, ‘हॅज’चे ‘हॅड’, ‘विल’चे ‘वुड’, ‘कॅन’चे ‘कुड’, ‘मे’चे ‘माइट’ होते. साधा भूतकाळ ‘पेड’ असेल तर ‘हॅड पेड’ होतो. ‘हॅड पेड’ मात्र तसाच राहतो.

नातीला हे मी रोजमेळाच्या भाषेत सांगितले. समजा, गिऱ्हाईक सोमवारी म्हणाला, “मी पैसे दिले.” तू ते गुरुवारी लिहिते आहेस. गुरुवारच्या पानावरून पाहिले तर त्याचे बोलणे मागच्या पानावर आहे, आणि पैसे देणे त्याहूनही मागच्या पानावर. बोलण्याला ‘सेड’ दिले, मग त्याआधी घडलेल्या गोष्टीसाठी आणखी मागचे रूप हवे. म्हणून ‘ही सेड दॅट ही हॅड पेड’. जे आधीच सर्वांत मागच्या पानावर आहे, त्यासाठी इंग्रजीकडे आणखी मागचे रूप नाही. म्हणून ‘हॅड पेड’ बदलत नाही. ‘विल’चे ‘वुड’ होते, कारण ते सोमवारच्या पानावरून पुढे पाहणे आहे. तो पुढचा दिवस आजच्या हिशेबाने उलटूनही गेलेला असू शकतो.

सूर्य पूर्वेला उगवतो यांसारखी कायम सत्ये बदलत नाहीत. एखादी गोष्ट सांगतेवेळीही खरी असेल तर इंग्रज माणूस बोलताना वर्तमानकाळ ठेवतो. परीक्षेत मात्र मागणी बदलाची असते, हे मुलांनी लक्षात ठेवावे.

मराठीत हा फेरफार नाही. ‘तो म्हणाला की मी आजारी आहे’ यात ‘आहे’ कायम राहते. म्हणूनच आपली मुले ‘ही सेड दॅट ही इज इल’ असे लिहून मोकळी होतात. व्याकरण न शिकल्यामुळे ती असे लिहीत नाहीत. मराठीची सवय इतकी पक्की असते, की हात आपोआप तिकडे वळतो. मुलांना रागावण्याऐवजी हा फरक समजावून द्यावा.

‘आज रोख, उद्या उधार’

तिसरा नियम काळ आणि स्थळ दाखवणाऱ्या शब्दांचा. ‘नाऊ’चे ‘देन’, ‘टुडे’चे ‘दॅट डे’, ‘टुमॉरो’चे ‘द नेक्स्ट डे’, ‘यस्टरडे’चे ‘द प्रीव्हियस डे’, ‘हिअर’चे ‘देअर’, ‘धिस’चे ‘दॅट’, ‘अगो’चे ‘बिफोर’ होते.

याचे मर्म आपल्या दुकानांतील एका जुन्या पाटीत आहे : ‘आज रोख, उद्या उधार’. ही पाटी प्रत्यक्ष कथनात आहे. तिच्यातील ‘उद्या’ रोज सकाळी एक दिवस पुढे सरकतो, म्हणून मालक निर्धास्त. परंतु एखाद्या गिऱ्हाइकाने तीच पाटी तारखेसह वहीत उतरवली, की ‘पाच तारखेला मालकांनी दुसऱ्या दिवशी उधार देण्याचे कबूल केले’, तर सहा तारखेला मालकांना उधारी द्यावी लागेल! ‘टुमॉरो’चे ‘द नेक्स्ट डे’ करणे म्हणजे सरकत्या दिवसाला खुंटीला बांधणे. आपल्या वाडवडिलांनी प्रत्येक नोंदीला मिती घालण्याचा दंडक पाळला, तो याच शहाणपणातून.

स्थळाचेही तसेच. मुलगा फोनवर म्हणतो, “मी इथेच थांबतो.” तो उभा असतो शेळगाव फाट्यावर आणि ऐकणारा बारामतीत. निरोप देणाऱ्याने ‘तो इथेच थांबतोय’ असे सांगितले तर घरचे लोक बारामतीत त्याची वाट पाहत बसतील.

‘म्हणाला’ की ‘वचन दिले’?

प्रश्नार्थक वाक्यात ‘दॅट’ येत नाही. ‘हो’ किंवा ‘नाही’ असे उत्तर अपेक्षित असेल तर ‘इफ’ किंवा ‘व्हेदर’ घालावे, आणि ‘व्हेअर’, ‘व्हाय’ असा प्रश्नशब्द असेल तर तोच जोडशब्द होतो. मग वाक्याची रचना साध्या विधानासारखी करून प्रश्नचिन्ह काढावे. ‘व्हेअर इज द बिल?’ याचे ‘ही आस्क्ड व्हेअर द बिल वॉज’ असे होते. आज्ञार्थी वाक्यात ‘टु’ आणि मूळ क्रियापद येते, नकार असेल तर ‘नॉट टु’.

खरी परीक्षा आहे ती ‘सेड’च्या जागी कोणते क्रियापद घालावे याची. ऑर्डर्ड, रिक्वेस्टेड, ॲडव्हाइज्ड, वॉर्न्ड, प्रॉमिस्ड, रिफ्यूज्ड, ॲडमिटेड असे अनेक पर्याय असतात. पुरुष, काळ आणि दिवस यांचे नियम ठरलेले आहेत. हे क्रियापद मात्र सांगणारा स्वतःच्या समजुतीने निवडतो, आणि तिथे त्याचे मत नकळत वाक्यात शिरते.

घरातलेच उदाहरण घ्या. सासूबाई सुनेला म्हणाल्या, “आज दुकानात बसू नकोस, थकली आहेस.” ही गोष्ट सुनेच्या माहेरी दोन प्रकारे पोहोचू शकते. ‘सासूबाईंनी तिला विश्रांती घ्यायला सांगितले’ किंवा ‘सासूबाईंनी तिला दुकानात बसायला मनाई केली’. दोन्ही वाक्ये इंग्रजीत व्याकरणशुद्ध होतील. एकात ‘ॲडव्हाइज्ड’ येईल, दुसऱ्यात ‘फॉरबेड’. पहिल्या वाक्याने माहेरची माणसे समाधान पावतील, दुसऱ्याने रात्रभर जागी राहतील. ‘थकली आहेस’ हे दोनच शब्द गाळले गेले आणि मायेची मनाई झाली.

कायदाही क्रियापदाचे वजन करतो. १८८१च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम ४ मध्ये वचनचिठ्ठीची उदाहरणे दिली आहेत. ‘मी देण्याचे वचन देतो’ अशा अर्थाचा मजकूर वचनचिठ्ठी ठरतो. ‘मी तुमचे इतके देणे लागतो’ एवढेच लिहिले, तर ती वचनचिठ्ठी ठरत नाही. रक्कम तीच आणि सहीही तीच, तरी ‘वचन’ या क्रियेवाचून कागदाची जात बदलते.

माझी चूक

आता ती चूक. साल साधारण १९८६-८७. मी तरुण अधिकारी होतो आणि माझ्याकडे कर्जदारांच्या दुकानांना भेट देऊन इंग्रजीत टिपण लिहिण्याचे काम असे. एका व्यापाऱ्याचा हप्ता थकला होता. मी गेलो तेव्हा तो खरेदीसाठी पुण्याला गेला होता आणि त्याचे थोरले भाऊ दुकान सांभाळत बसले होते. भावांच्या वाटण्या नुकत्याच झाल्या होत्या. थोरल्यांचा या कर्जाशी संबंध नव्हता, ते जामीनदारही नव्हते. हप्त्याचे विचारल्यावर ते म्हणाले, “पुढच्या सोमवारी देईल.”

वाक्यात कर्ता नव्हता. मराठीत तो नसला तरी चालतो, कारण क्रियापदाच्या शेवटच्या अक्षरात तो बसलेला असतो. ‘देईन’ म्हणजे मी, ‘देईल’ म्हणजे तो. ‘देईन म्हणाला’ म्हणजे स्वतःने शब्द दिला, ‘देईल म्हणाला’ म्हणजे दुसऱ्याविषयी अंदाज सांगितला. एका ‘न’ने माणूस बांधला जातो आणि एका ‘ल’ने मोकळा राहतो. मात्र आमच्या भागात बोलताना ‘मी येईल’, ‘मी देईल’ असे सर्रास म्हणतात. त्यामुळे माझ्या कानांना दोन्ही अर्थ शक्य होते. मी विचारायला हवे होते, “कोण देईल?” मी विचारले नाही. टिपणात लिहिले, ‘हिज ब्रदर सेड दॅट ही वुड पे द इन्स्टॉलमेंट ऑन मंडे.’

व्याकरणाचा एकही नियम मोडला नव्हता. ‘विल’चे ‘वुड’ केले होते, ‘दॅट’ही घातले होते. परंतु ‘ही’ कोण? थोरला की धाकटा? इंग्रजीतील ‘ही’ दोघांनाही लागू पडतो.

सोमवार गेला, हप्ता आला नाही. टिपण वरच्या कार्यालयात पोहोचले होते. तिथल्या अधिकाऱ्याने ‘ही’ म्हणजे थोरला असा अर्थ लावला, आणि ‘आपण दिलेल्या वचनाप्रमाणे’ अशी सुरुवात असलेले पत्र थोरल्या भावांच्या नावे निघाले. ज्या घराची पत हेच भांडवल, त्या घरात असे पत्र येणे म्हणजे काय, हे या मासिकाच्या वाचकांना सांगायला नको. घरात त्यांच्या पत्नीला वाटले, की वाटणीनंतरही यांनी धाकट्याचे कर्ज गुपचूप अंगावर घेतले. धाकट्याला वाटले, की दादांनी बँकेत शब्द दिला, मग मोडला, आणि दोन्ही वेळा आपल्याला विचारले नाही.

थोरले भाऊ पत्र घेऊन शाखेत आले. आवाज चढवला नाही. एवढेच म्हणाले, “साहेब, मी त्याच्याविषयी बोललो. तुम्ही ते माझ्याविषयी लिहिलंत. वचन मोडणारा म्हणून माझं नाव कागदावर आलं.” मी त्याच दिवशी चूक कबूल करून दुरुस्तीचे टिपण पाठवले आणि पत्र मागे घेतले गेले. धाकट्याने दोन महिन्यांत थकबाकी भरली. परंतु त्या दिवाळीच्या वहीपूजनाला दोघे भाऊ एकत्र बसले नाहीत. पुढच्या वर्षी बसले, असे मला कळले. मधले एक वर्ष माझ्या एका ‘ही’ने खाल्ले.

मी ‘दॅट हिज यंगर ब्रदर वुड पे’ एवढे लिहिले असते तर हे टळले असते. तेव्हापासून नोकरी संपेपर्यंत एक पथ्य पाळले. ‘ही’ दोन माणसांना लागू पडत असेल तर सर्वनाम सोडून नाव लिहायचे, आणि बोलणे महत्त्वाचे असेल तर मूळ मराठी शब्दही अवतरणात द्यायचे.

मराठीचा निसरडा ‘मी’

इंग्रजीचा ‘ही’ निसरडा, म्हणून मराठी निर्धोक असे मात्र नाही. ‘काका म्हणाले की मी चुकलो.’ या वाक्यात कोण चुकले? काकांनी स्वतःची चूक कबूल केली, की सांगणाऱ्याची चूक दाखवली? मराठी बोलणाऱ्याचा ‘मी’ जसाच्या तसा ठेवते आणि सांगणाऱ्याचाही ‘मी’ तोच असतो. इंग्रजीत ‘ही वॉज राँग’ आणि ‘आय वॉज राँग’ अशी दोन वेगळी वाक्ये होतात. म्हणजे इंग्रजी ‘ही’पाशी घसरते आणि मराठी ‘मी’पाशी.

जुन्या मोडी कागदांत अवतरणचिन्हे नसत. बोलणे ‘की’ने सुरू होई आणि ‘म्हणोन’ किंवा ‘ऐसे’ने संपे. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी मराठीत विरामचिन्हे रूढ करण्याचे मोठे काम केले. त्यांतील अवतरणचिन्हे दिसायला लहान, पण हा ‘मी’ कोणाचा ते तीच सांगतात. तेव्हा लिहिताना त्यांचा आळस करू नये.

सांगणाऱ्याची जबाबदारी

न्यायालयानेही हा धोका ओळखला आहे. १८७२च्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६०ने तोंडी पुरावा प्रत्यक्ष असावा असे सांगितले होते. ऐकलेल्या गोष्टीची साक्ष द्यायची तर ज्याने स्वतः ऐकले त्यानेच द्यावी. १ जुलै २०२४ पासून त्या कायद्याची जागा भारतीय साक्ष्य अधिनियमाने घेतली, तरी हे तत्त्व कायम आहे. काही अपवाद सोडल्यास ‘अमुक म्हणाला असे तमुकाने मला सांगितले’ याला तिथे मोल नाही.

आपल्याकडे तर ऐकून सांगण्याची परंपरा फार मोठी. भगवान महावीरांनी स्वतः ग्रंथ लिहिला नाही, त्यांची वाणी गणधरांनी पुढे नेली. श्वेतांबर परंपरेतील आचारांगाच्या आरंभी सुधर्मास्वामी जंबूस्वामींना आधी हे सांगतात, की पुढचे कथन मी भगवंतांकडून ऐकलेले आहे. बोलणारा कोण, ऐकणारा कोण, सांगणारा कोण, हे पहिल्याच वाक्यात स्पष्ट होते. इतक्या मोठ्या अधिकाराच्या पुरुषालाही ते सांगणे आवश्यक वाटले, मग फोनवरून निरोप पोहोचवणाऱ्या आपण तरी ते का टाळावे?

नातीला मी हे सर्व सांगितले. भावांची गोष्ट ऐकून ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “म्हणजे बदलायचं ते गुणांसाठी नाही. दुसऱ्याचा ‘मी’ माझ्या तोंडात आला की तो माझा नाही हे कळावं म्हणून.” मी एवढेच म्हणालो, की हे उत्तर वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेव. येथे मी ते तिच्याच शब्दांत दिले आहे, आणि छापण्यापूर्वी तिला वाचून दाखवले आहे.

मुलांसाठी सराव

१. फादर सेड टू मी, “आय हॅव क्लोज्ड द अकाउंट.”
२. शी सेड टू हिम, “व्हेअर डिड यू कीप द रिसीट?”
३. ग्रँडफादर सेड टू हर, “डोन्ट साइन टुडे.”
४. ‘काका म्हणाले की मी चुकलो.’ याची इंग्रजीत दोन वेगळी वाक्ये करा.

पहिल्या तिन्हींची उत्तरे : (१) फादर टोल्ड मी दॅट ही हॅड क्लोज्ड द अकाउंट. (२) शी आस्क्ड हिम व्हेअर ही हॅड केप्ट द रिसीट. (३) ग्रँडफादर ॲडव्हाइज्ड हर नॉट टु साइन दॅट डे. तिसऱ्यात ‘ॲडव्हाइज्ड’ का घातले आणि ‘ऑर्डर्ड’ का नाही, यावर रात्री जेवताना घरात चर्चा करावी. चौथ्याचे उत्तर पुढील अंकी.